अकाउंटेबिलिटी पार्टनर (घरून स्वतःचं काम करणाऱ्यांचा)

घरून फ्रीलान्सिंग किंवा स्वतःचा छोटा व्यवसाय करणाऱ्या दोघांनी ठरलेल्या वेळी एकमेकांना "काय करणार होतास, काय झालं" एवढं विचारायचं ठरवलं की ते एकमेकांचे अकाउंटेबिलिटी पार्टनर झाले. हा बिझनेस पार्टनर नाही कारण पैशात वाटा नाही, कोच नाही कारण फी नाही, आणि मेंटॉर पण नाही कारण दोघं साधारण एकाच पायरीवर असतात. नोकरीत बॉस असतो, मीटिंग असते, घरी विचारणारं कोणी नाही. क्लायंटचं काम तरी होतं, कारण त्याचा फोन येतो. पण जे काम कोणीच मागत नाही, म्हणजे स्वतःची वेबसाइट, थकलेल्या बिलांचा पाठपुरावा, हिशेब, नवीन क्लायंट शोधणं, ते महिनोन्‌महिने उद्यावर ढकललं जातं, आणि पार्टनर लागतो तो खरं म्हणजे याच कामांसाठी.

कल्पना काही नवीन नाही. बेंजामिन फ्रँकलिनने 1727 मध्ये फिलाडेल्फियात जुंटो नावाचा गट काढला, त्यात बहुतेक स्वतःच्या हिमतीवर धंदा करणारे कारागीर-व्यापारी होते, ते शुक्रवारी संध्याकाळी जमायचे आणि ठरलेल्या प्रश्नांची यादीच समोर असायची. 1935 मध्ये अमेरिकेतच सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसमध्ये दारू सोडलेला माणूस नव्याने सोडणाऱ्याचा स्पॉन्सर, म्हणजे पाठीशी राहणारा सोबती, होतो, तिथेही कोणीतरी नियमित विचारणारं असणं हाच भाग महत्त्वाचा.

आता याचा उपयोग खरंच होतो का? कॅलिफोर्नियाच्या डोमिनिकन युनिव्हर्सिटीत गेल मॅथ्यूज यांनी वेगवेगळ्या गटांवर एक अभ्यास केला, त्यात ध्येय लिहून काढून दर आठवड्याला मित्राला प्रोग्रेस रिपोर्ट पाठवणारा गट सगळ्यात पुढे राहिला आणि ध्येयाचा नुसता विचार करणारा मागे. (येल युनिव्हर्सिटीच्या 1953 च्या बॅचची, ध्येय लिहिणारे पुढे श्रीमंत झाले अशी जी गोष्ट प्रत्येक मोटिव्हेशनल भाषणात असते, तसा अभ्यास कधी झालाच नव्हता.) पण याची दुसरी बाजू पण आहे. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये दाखवलं की "मी अमुक होणार" हे दुसऱ्याला सांगितलं आणि त्याने ते ऐकून घेतलं की कधीकधी माणूस प्रत्यक्षात मेहनत कमी करतो, कारण थोडंसं समाधान सांगण्यातच मिळून जातं. म्हणून "वा, मस्त, कर कर" म्हणणारा पार्टनर उपयोगाचा नाही. शुक्रवारी "झालं का" विचारणारा पाहिजे.

शोधायचा कुठे, तर पहिल्यांदा जवळच्या माणसांचं नाव डोक्यात येतं आणि तिथेच गाडी अडते. नवरा-बायको, भाऊ-बहीण, जिवलग मित्र हे बहुतेक वेळा चालत नाहीत, कारण एकतर ते सांभाळून घेतात किंवा मग विचारणं टोमण्यासारखं लागतं आणि त्याचं भांडण घरात शिरतं. ओळख आहे पण फार जवळची नाही असा माणूस बरा: जुना सहकारी ज्याने आता स्वतःचं सुरू केलंय, एखाद्या ऑनलाइन कोर्सचा बॅचमेट, को-वर्किंगमध्ये भेटलेला कोणी, व्यावसायिक ग्रुपमध्ये नेहमी मुद्द्याचं लिहिणारी व्यक्ती. क्षेत्र तेच असलं पाहिजे असं काही नाही, उलट वेगळं असलं तर क्लायंटची ओढाताण होत नाही आणि दुसऱ्याला "हे आपल्या लाइनमध्ये असंच असतं" सांगून सटकता येत नाही. बाकी सवयी जुळोत न जुळोत, वेळ पाळणं मात्र जुळलं पाहिजे, जो पहिल्याच कॉलला न कळवता उशिरा येतो तो पुढे सुधारत नाही.

विचारताना "माझा अकाउंटेबिलिटी पार्टनर होशील का" असं एकदम मोठं काही विचारलं की समोरचा बिचकतो. त्यापेक्षा "पुढचे दोन आठवडे सोमवारी सकाळी यादी आणि शुक्रवारी दुपारी निकाल, पंधरा मिनिटं, नाही जमलं तर दोघंही मोकळे" असं सांगितलं की हो म्हणणं सोपं जातं, आणि नाही म्हणणंही.

यादीत काय लिहिलंय त्यावर पुढचं सगळं अवलंबून. "वेबसाइटवर काम करणार" याला शुक्रवारी हो पण म्हणता येतं आणि नाही पण. "सर्व्हिसेस पेजचा मजकूर लिहून अपलोड" याला एकच उत्तर असतं. समजा शुक्रवारी एकीने लिहिलं, "बिलांचे मेल गेले, कोटेशन राहिलं." पार्टनरने विचारलं, "का राहिलं, वेळ नव्हता?" उत्तर आलं, "वेळ होता गं, रेट काय सांगू कळेना." इथे काम राहण्याचं कारण आळस नव्हताच, आणि पुढच्या सोमवारच्या यादीत "कोटेशन" ऐवजी "रेट ठरवणे, बुधवारपर्यंत" असं आलं. एवढं खोदून विचारणारा मिळाला तर सोडू नये.

काहीजण नुसतं व्हिडिओ कॉल चालू ठेवून, म्यूट करून, आपापलं काम करतात. याला बॉडी डबलिंग म्हणतात, एडीएचडी (लक्ष एका जागी टिकवणं अवघड जाणं) असलेल्यांमध्ये जास्त प्रचलित आहे. फोकसमेटसारख्या साइटवर यासाठी अनोळखी माणूसही मिळतो. हे बसून काम करायला चांगलं, पण कोणतं काम करायचं हे ते ठरवून देत नाही. पैशाचा दंड लावणारेही आहेत, stickK.com या साइटवर तर हरल्यास पैसे आपल्याला न पटणाऱ्या संस्थेला जातील अशी सोय आहे. दोघांमध्ये मात्र दंड शक्यतो नको, हिशेबावरून ओळख बिघडते.

जोडी मोडते ती बहुतेक भांडणाने नाही, गोडीने. एक आठवडा याचं राहतं, पुढचा त्याचं, मग तेरी भी चूप मेरी भी चूप, कॉलवर गप्पा होतात आणि यादी कोणी काढतच नाही. तेच काम तीन आठवडे यादीत फिरत असेल तर ते तोडून छोटं करावं नाहीतर सरळ काढून टाकावं. आणि एकाचाच रिपोर्ट येत असेल तर कॉल हळूहळू बंद पडू देण्यापेक्षा "आपण थांबूया" असं स्पष्ट सांगून दुसरा पार्टनर बघावा, पहिल्याशी मैत्री तशीच ठेवता येते.