ड्रमॅनाचा ‘किल्ला’ आणि आयर्लंडमधले रोमन

डब्लिनच्या उत्तरेला समुद्रकिनाऱ्यावर ड्रमॅना नावाचे सुमारे 40 एकरांचे भूशिर आहे. तीन बाजूंना कडे आणि समुद्र असून जमिनीकडची वाट आडवे खंदक खणून व मातीचे बांध घालून रोखलेली आहे. आयर्लंडचा रोमन जगाशी संबंध काय, या प्रश्नावर गेली तीस वर्षे जो वाद चालू आहे, तो बहुतांशी याच जागेभोवती फिरतो.

वादाला तोंड फुटले ते 1996 च्या जानेवारीत. रोमन सैन्य आयर्लंडमध्ये उतरले होते आणि त्यांचा किल्ला ड्रमॅनाला होता, असे एका ब्रिटिश वृत्तपत्राने छापले. आधार होता तो मेटल डिटेक्टर घेऊन बेकायदा फिरणाऱ्यांनी उकरलेल्या वस्तूंचा. त्यांत रोमन नाणी आणि दागिने होते. पण कोणती वस्तू कोणत्या थरातून निघाली, याची नोंदच नव्हती. पुढे मालकीचा वाद कोर्टात गेला आणि अभ्यासकांना त्या वस्तू वर्षानुवर्षे नीट पाहता आल्या नाहीत. लुटीने जेवढे नुकसान केले, त्यात या बंदोबस्ताने भरच घातली, असे माझे स्पष्ट मत आहे. पुरावा कुलपात राहिला आणि बातमी मात्र मोकळी फिरली.

खरा घोळ शब्दाचा आहे. इंग्रजीत स्थानिकांनी खंदक-बांधांनी राखलेल्या भूशिरालाही ‘फोर्ट’ म्हणतात आणि रोमन पलटणीच्या आखीव ठाण्यालाही ‘फोर्ट’च म्हणतात. मराठीत आपण पहिल्याला तटबंदी आणि दुसऱ्याला लष्करी ठाणे म्हणू शकतो, आणि तसे म्हटले की अर्धा वाद तिथेच मिटतो. ड्रमॅनाची तटबंदी लोहयुगातल्या आयरिश धाटणीची आहे. ‘रोमन’ हा शब्दही तसाच फसवा आहे, कारण रोमन वस्तू सापडली म्हणजे रोमन माणूस तिथे राहत होता असे होत नाही. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती निघाली, तेव्हा पंचगंगेकाठी रोमन सत्ता होती असे कोणी म्हटले नाही. व्यापाराचे नाव घेतले.

चढाईची कल्पना मात्र जुनी आहे. पहिल्या शतकात ब्रिटनच्या रोमन सुभेदाराने आयर्लंडसमोरच्या किनाऱ्यावर सैन्य ठेवले होते आणि एक लीजन (रोमन सैन्याची मोठी तुकडी) व थोडी साहाय्यक फौज पुरेल असे तो म्हणे, अशी नोंद त्याच्या जावयाने केली आहे. ती मोहीम निघाल्याचा उल्लेख त्याने केलेला नाही. ड्रमॅनासमोरच्या लॅम्बे बेटावर 1927 मध्ये ब्रिटनकडच्या घडणीचे दागिने असलेली दफने सापडली. न्यूग्रेंजच्या प्राचीन थडग्याजवळ सोन्याची रोमन नाणी वाहिलेली होती. 1854 मध्ये आयर्लंडच्या उत्तर टोकाकडच्या कोलरेनजवळ दीड हजारांहून अधिक चांदीची नाणी आणि चांदीचे तुकडे मिळाले. हा शेवटचा साठा पाचव्या शतकाच्या सुरुवातीचा, म्हणजे ब्रिटनमधली रोमन सत्ता ढासळतानाचा. तो ब्रिटनमधून आणलेल्या लुटीचा की रोमनांनी दिलेल्या पगाराचा, यावर अजून एकमत नाही.

ड्रमॅनाला रीतसर उत्खनन सुरू झाले ते 2018 मध्ये, गावकऱ्यांना सोबत घेऊन. आता प्रत्येक थराची नोंद होते. त्यातून एक अखंड रोमन मडके निघाले, आणि जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचे, जळून कोळसा झाल्यामुळेच टिकलेले एक अंजीरही.