जीव नकोसा वाटणाऱ्या मुलांसाठी: मानसिक आधाराचे उपक्रम कसे काम करतात

पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत हा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणते, "मुलांसमोर असले काही काढूच नका, नसलेले त्यांच्या डोक्यात भराल." ही भीती मायेपोटीच असते, त्यामुळे तिची थट्टा करण्यात अर्थ नाही. मात्र ती शास्त्रीय पद्धतीने तपासली गेली आहे. न्यूयॉर्क राज्यातील सहा हायस्कुलांमधील २,३४२ विद्यार्थ्यांवर झालेला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाच्या प्रश्नावलीत आत्महत्येच्या विचारांविषयी थेट प्रश्न होते आणि दुसऱ्या गटाच्या प्रश्नावलीत ते नव्हते. दोन दिवसांनी पुन्हा पाहणी केली, तेव्हा प्रश्न विचारलेल्या मुलांची अस्वस्थता वाढल्याचे दिसले नाही. जी मुले आधीपासूनच खचलेली होती, त्यांनाही त्या प्रश्नांनी अपाय झाला नव्हता.

आपल्याकडच्या तरुणांविषयीची माहितीही उपलब्ध आहे. गोव्याच्या शहरी व ग्रामीण भागांतील १६ ते २४ वयोगटातील ३,६६२ तरुण-तरुणींची पाहणी करणारा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १४४ जणांनी, म्हणजे सुमारे चार टक्क्यांनी, अलीकडच्या काळात आपल्याकडून आत्महत्येशी निगडित वर्तन झाल्याचे सांगितले आणि त्यांत मुलींचे प्रमाण बरेच जास्त होते. घरातील मारहाण, लैंगिक अत्याचाराचा अनुभव आणि मानसिक त्रास यांचा या वर्तनाशी स्पष्ट संबंध आढळला. दहावी-बारावीच्या निकालानंतर वर्तमानपत्रांत "नापास झाल्याने" असा एका कारणाचा मथळा येतो. तो वाचताना ही पाहणी आठवावी, कारण निकाल हे बहुधा शेवटचे निमित्त असते आणि त्यामागे साचलेले बरेच काही असते. म्हणूनच "परीक्षेचा ताण कसा घालवावा" एवढ्यावर थांबणारा उपक्रम मला अपुरा वाटतो. घरी मार खाणाऱ्या मुलीला दीर्घ श्वास घ्यायला शिकवून भागत नाही. तिला संरक्षण मिळवून देणे हाही मानसिक आधाराचाच भाग आहे आणि बालकांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन समुपदेशकाला तोंडपाठ असायला हवी.

प्रत्यक्ष धोक्यात असलेल्या व्यक्तीसाठी आज मोठ्या प्रमाणावर वापरले जाणारे एक साधन दिसायला अगदी साधे आहे. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी तयार केलेला 'सुरक्षा आराखडा' एका कागदावर मावतो. समजा, गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या खेड्यातून वाळपईला हायर सेकंडरीत येणारी मुलगी समुपदेशकासमोर बसली आहे. मन काळवंडू लागल्याची खूण कोणती, हे ती आधी स्वतःच्या शब्दांत लिहिते. रात्र रात्र झोप न लागणे, मैत्रिणींच्या निरोपांना उत्तर न देणे, "मी सगळ्यांना जड झाले आहे" हा विचार पुन्हा पुन्हा येणे, अशा त्या खुणा असतात. मग तशा वेळी एकटीने काय करता येईल ते ती नोंदवते. त्यानंतर जिथे नुसते जाऊन बसले तरी मन दुसरीकडे वळते, अशी माणसे आणि जागा येतात. मावशीचे घर, भजनाचा सराव चालणारा देवळाचा मंडप किंवा वाचनालय, काहीही चालते. पुढच्या ओळीत वेगळी माणसे असतात, म्हणजे ज्यांना "मला आत्महत्येचे विचार येत आहेत" असे उघड सांगता येईल अशी. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण सोबतीला बरी वाटणारी प्रत्येक व्यक्ती हे ऐकायला तयार असतेच असे नाही. त्याखाली डॉक्टर, समुपदेशक आणि हेल्पलाइन यांचे क्रमांक येतात. शेवटी घरातील धोकादायक वस्तू कोणत्या मोठ्या माणसाने तिच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवायच्या, हे ठरते.

या शेवटच्या पायरीमागे एक ठाम निरीक्षण आहे. जीव देण्याची तीव्र ऊर्मी सहसा दीर्घकाळ त्याच जोराने टिकत नाही, ती चढते आणि ओसरते. त्या मधल्या वेळात माणूस आणि धोका यांच्यात जेवढे अंतर ठेवता येईल, तेवढा जीव वाचण्याचा संभव वाढतो. भोवळ आल्यासारख्या त्या अवस्थेत नवा उपाय सुचत नाही, म्हणून तो शांत असताना लिहून ठेवायचा. अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात आलेल्या माजी सैनिकांना हा आराखडा आणि नंतर फोनवरून पाठपुरावा मिळाला. पुढील सहा महिन्यांत त्यांच्यातील आत्मघाती वर्तन तुलनेच्या गटापेक्षा ४५ टक्क्यांनी कमी होते. ते प्रौढ सैनिक होते, कॉलेजातली मुले नव्हती, हे अर्थात ध्यानात ठेवले पाहिजे. याउलट, "असे काही करणार नाही" म्हणून लेखी हमी घेणे किंवा आईच्या गळ्याची शपथ घालणे यामुळे जीव वाचतात, असा पुरावा नाही. शपथ घातलेले मूल पुढच्या वेळी गप्प बसण्याचीच शक्यता मला जास्त वाटते.

दुसरा धडा पाठपुराव्याचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझील, भारत, श्रीलंका, इराण आणि चीन येथे, आत्महत्येच्या प्रयत्नानंतर रुग्णालयात आलेल्या १,८६७ जणांवर एक प्रयोग केला. त्यातले भारतातील केंद्र चेन्नईत होते. निम्म्या लोकांशी सुमारे तासभर सविस्तर बोलणे झाले आणि नंतर दीड वर्षात नऊ वेळा फोन करून किंवा भेटून त्यांची विचारपूस केली गेली. दीड वर्षाअखेर नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात आत्महत्येने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण २.२ टक्के होते, तर विचारपूस झालेल्या गटात ते ०.२ टक्के होते. नंतरच्या सर्वच प्रयोगांत एवढा ठळक फरक दिसलेला नाही. तरीही रुग्णालयातून घरी सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत नाजूक असतात आणि नेमके तेव्हाच बहुतेक ठिकाणी कोणी फोन करत नाही, ही गोष्ट उरतेच.

शाळांबाबतचा सर्वांत बोलका प्रयोग युरोपातील दहा देशांत, १६८ शाळांमधील ११,११० विद्यार्थ्यांवर झाला आणि २०१५ साली प्रसिद्ध झाला. काही शाळांत शिक्षकांना धोका ओळखण्याचे प्रशिक्षण दिले, काहींत तज्ज्ञांनी मुलांची तपासणी केली, तर काहींत मुलांनाच भावनिक पेच कसे हाताळावेत हे सुमारे पाच तासांत, मुख्यतः प्रसंग वठवून, शिकवले. वर्षभरानंतर या तिसऱ्या प्रकारच्या शाळांत आत्महत्येचे नवे प्रयत्न तुलनेच्या शाळांपेक्षा जवळजवळ निम्मे होते, पण पहिल्या दोन उपायांचा लक्षणीय परिणाम दिसला नाही. गावोगावच्या जत्रेत मराठी नाटक उभे करणाऱ्या गोव्यात प्रसंग वठवायला मुले लाजणार नाहीत, असे मला वाटते. त्यासाठी व्याख्यान देणाऱ्या पाहुण्याचा मोह मात्र आपल्याला आवरावा लागेल.

हे सगळे करायला एवढे तज्ज्ञ कुठून आणायचे, या प्रश्नाचे एक उत्तर गोव्यातच सापडले आहे. १९९६ साली येथे स्थापन झालेल्या 'संगाथ' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्यावरील समुपदेशनाचा प्रयोग केला. त्यातील समुपदेशक स्थानिक होते, किमान दहावी शिकलेले होते आणि त्यांना मानसशास्त्राचे पूर्वशिक्षण नव्हते. त्यांना प्रशिक्षण आणि सततचे मार्गदर्शन मिळाले. सहा ते आठ भेटींत ते रुग्णाला, मनाला उभारी देणाऱ्या छोट्या छोट्या कृतींकडे पुन्हा वळवत. तीन महिन्यांनी या गटातील ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून सावरले होते, तर तुलनेच्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. या कामात 'आजार' हा शब्द पुढे न करता, लोकांच्या तोंडी असलेल्या 'टेन्शन'पासून बोलायला सुरुवात करणे सोपे जाते. घरी कोकणी आणि वहीत मराठी असलेल्या मुलाने आराखडाही त्याच सरमिसळ भाषेत लिहावा.

स्वतःला वारंवार इजा करून घेणाऱ्या मुलांना मात्र एवढे पुरत नाही. त्यांच्यासाठी भावना आवरण्याची कौशल्ये अनेक महिने शिकवणारी, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी विकसित केलेली उपचारपद्धती आहे आणि ती प्रशिक्षित तज्ज्ञांकडूनच घ्यावी लागते.

पोलिसांच्या भीतीने उपचार लपवण्याचे कारण आता उरलेले नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले आहे. प्रयत्नाला सरसकट गुन्हा ठरवणारे जुन्या भारतीय दंड संहितेतील कलम ३०९ तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत घेतलेलेच नाही. 'टेलि-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते.

तेव्हा शंका आली तर आडून आडून न विचारता सरळ विचारावे, "तुला जीव नकोसा वाटतो का? जीव द्यावा असे मनात येते का?" उत्तर "हो" आले, तर लगेच समजूत घालायला न धावता आधी ऐकून घ्यावे आणि मुलाला एकटे सोडू नये. १४४१६ ला दोघांनी मिळून फोन लावावा किंवा त्याला घेऊन बांबोळीच्या मनोरुग्णालयात अथवा जवळच्या आरोग्य केंद्रात जावे. आणि दोन दिवसांनी, सगळे ठीक दिसत असले तरी, त्याला पुन्हा फोन करावा.