सायकलची फ्रेम: पर्यावरणाच्या हिशोबानं कोणती बरी?

फ्रेम घेताना वजन आणि किंमत सगळेच विचारतात, पण आजकाल कॉलेजची पोरं "पर्यावरणाला कोणती बरी?" असंही विचारून राहिली, म्हणून हे पत्रक.

गिअरवाल्या सायकली बहुतेक अ‍ॅल्युमिनियमच्या. नवीन १ किलो अ‍ॅल्युमिनियम काढायला १४-१५ युनिट वीज लागते, आपल्याकडे ती जास्त करून कोळशाची, आणि कोळशाच्या १ युनिटमागे साधारण १ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे दोन किलोच्या फ्रेमला नुसत्या धातूचेच तीसेक किलो! कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांची धुराडी पाहणाऱ्यांना वेगळं काय सांगायचं. पण तेच अ‍ॅल्युमिनियम भंगारातून वितळवलं तर ऊर्जा ५ टक्क्यांच्या आसपासच लागते, त्यामुळे तडकलेली फ्रेम कचऱ्यात टाकू नका, कबाड्याला द्या.

स्टीलला किलोमागे दोन-अडीच किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणून फ्रेम जड असूनही सात-आठ किलोत भागतं. आणि आमच्या मते खरी गोष्ट पुढची आहे, स्टील तुटलं तर गॅस वेल्डिंगनं इथंच जोडता येतं. अ‍ॅल्युमिनियमलाही आर्गन वेल्डिंग होते, पण जोडाच्या आजूबाजूची ताकद कमी होते, कारखान्यात भट्टीत दिलेलं टेम्पर तिथं राहत नाही, म्हणून आम्ही ते करून देत नाही. गंजाचं म्हणाल तर नागपूरची हवा बरेच महिने कोरडीच असते, फक्त पावसाळ्यात सीटच्या नळीतून पाणी शिरून खाली बॉटम ब्रॅकेटशी (पायडलचा दांडा बसतो तिथं) साचतं, तेवढं दिवाळीच्या आधी एकदा आणून दाखवा, आतून तेल मारून देऊ.

कार्बन फायबर हलका, पण त्याचा धागा पेट्रोलियमच्या मालापासून बनतो, १००० डिग्रीच्या वर तापवतात, मग इपॉक्सीत (घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये) बसवतात. चिरला की दुरुस्ती जमते पण खास कारागीर लागतो, आणि कबाडी त्याला हात लावत नाही. रेस खेळत नसाल तर आम्ही तो सुचवत नाही. टायटॅनियम काढायलाही प्रचंड ऊर्जा जाते, फक्त गंजत नाही आणि आयुष्यभर टिकतं.

बांबूचं बरेच जण विचारतात. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत बांबू भरपूर, वाढतोही पटकन, पण जोड इपॉक्सीचेच असतात आणि आपल्या मे महिन्यात उन्हात उभी ठेवली तर चिरायची भीती, वॉर्निश सांभाळावं लागतं.

घरी जुनी स्टीलची सायकल पडून असेल तर नवीन घ्यायच्या आधी ती घेऊन या. नळ्यांना तडा नसेल, आतून गंजून पातळ झाल्या नसतील, तर बेअरिंग, चेन, टायर बदलून ती मस्त चालते. तपासायचे पैसे घेत नाही.