व्यावसायिक बेसबॉलमधील गमतीदार प्रसंग

व्यावसायिक बेसबॉलच्या चालू सामन्यात घडलेले, खेळाच्या नेहमीच्या ओघाबाहेरचे आणि प्रेक्षकांत हशा पिकवणारे प्रसंग या नोंदीत येतात. या खेळात प्रत्येक फेकीची नोंद होत असल्याने कितीही विचित्र प्रकार घडला, तरी पंचांना जागच्या जागी निर्णय द्यावा लागतो आणि तो अधिकृत धावफलकात उतरतो. या प्रसंगांची खरी गोडी त्या सक्तीत आहे.

सर्वांत प्रसिद्ध प्रसंग १९ ऑगस्ट १९५१ रोजी सेंट लुईस येथे घडला. सेंट लुईस ब्राउन्स संघाचे मालक बिल व्हेक यांनी डेट्रॉइट टायगर्सविरुद्ध एडी गेडेल या ३ फूट ७ इंच उंचीच्या खेळाडूला, पाठीवर १/८ हा क्रमांक लावून, फलंदाजीला पाठवले. पंचांनी हरकत घेताच व्यवस्थापक झॅक टेलर यांनी रीतसर करारपत्र पुढे केले. वैध फेकीचा पट्टा फलंदाजाच्या शरीरावरून ठरतो. गेडेल वाकून उभे राहिल्यावर तो इतका आखूड झाला, की पिचर (चेंडू फेकणारा) बॉब केन यांचे चारही चेंडू अवैध ठरले. चार अवैध चेंडू पडल्याने गेडेल यांना चेंडू न मारताच पहिला बेस (धावपटूने क्रमाने गाठायच्या चार ठाण्यांपैकी पहिले) मिळाला आणि त्यांच्या जागी लगेच बदली धावपटू आला. दुसऱ्या दिवशी हे संघ ज्या स्पर्धेत खेळत, त्या अमेरिकन लीगच्या अध्यक्षांनी करार रद्द केला. एखाद्याच्या उंचीचा असा देखावा करणे आज खटकते आणि खटकायलाच हवे. नियमांच्या दृष्टीने मात्र ती खेळी निर्दोष होती.

नियमाच्या अक्षरावरून सर्वांत मोठा गदारोळ २४ जुलै १९८३ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये झाला. पकड घट्ट राहावी म्हणून बॅटला पाइनच्या लाकडाचे डांबर लावतात. ते मुठीच्या टोकापासून १८ इंचांपलीकडे नसावे, असा नियम होता. कॅन्सस सिटी रॉयल्सच्या जॉर्ज ब्रेट यांनी नवव्या डावात होम रन (चेंडू मैदानाच्या भिंतीपलीकडे टोलवून सर्व बेस पार करण्याचा फटका) मारून संघाला ५–४ अशी आघाडी मिळवून दिली, तेव्हा यांकीजचे व्यवस्थापक बिली मार्टिन यांनी त्यांच्या बॅटवर बोट ठेवले. पंचांनी बॅट होम प्लेटवर (फलंदाजापुढील शेवटच्या बेसवर) आडवी धरून मोजली आणि ब्रेट यांना बाद दिले. संतापाने पंचांकडे धावत सुटलेले ब्रेट हे दृश्य आजही आवडीने पाहिले जाते. लीगच्या अध्यक्षांनी होम रन ग्राह्य धरून सामना तेथूनच पुढे खेळवण्याचा आदेश दिला. १८ ऑगस्टला खेळ सुरू होताच मार्टिन यांनी, ब्रेट यांनी सर्व बेसना स्पर्श केला नव्हता, असा नवा आक्षेप घेतला. त्या दिवशीचे पंच वेगळे होते. परंतु ब्रेट यांनी सर्व बेसना स्पर्श केल्याचे आधीच्या पंचांचे शपथपत्र त्यांच्या खिशात तयार होते.

काही खेळाडूंनी नियमांतील फट स्वतःच शोधली. २७ मे १९८१ रोजी सिॲटलच्या लेनी रँडल यांनी तिसऱ्या बेसच्या रेषेलगत रांगणारा चेंडू, जमिनीवर हातापायांवर ओणवे होऊन, फुंकर मारून रेषेबाहेर घालवला, कारण रेषेबाहेर गेलेल्या अशा चेंडूवर फलंदाजाला बेस मिळत नाही. आपण चेंडूला फक्त ओरडून सांगत होतो, हा त्यांचा बचाव टिकला नाही आणि फलंदाजाला बेस मिळाला. ऑगस्ट १९८७ मध्ये विल्यम्सपोर्ट या दुय्यम श्रेणीच्या संघाचे कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा) डेव्ह ब्रेस्नाहन यांनी तर सोललेला बटाटा तिसऱ्या बेसच्या दिशेने मुद्दाम लांब भिरकावला. चेंडू निसटला असे समजून होम प्लेटकडे निघालेल्या धावपटूला त्यांनी हातातला खरा चेंडू लावला. पंचांनी धाव मान्य केली, आणि ब्रेस्नाहन यांना दंडासह संघातूनही काढण्यात आले. पुढच्याच वर्षी त्या गावच्या संघाने त्यांचा ५९ हा क्रमांक सन्मानाने निवृत्त केला, हे या खेळातील रसिकतेचे उत्तम उदाहरण मानावे लागेल.

योजना नसलेले प्रसंगही कमी नाहीत. २४ मार्च २००१ रोजी टक्सन येथील सराव सामन्यात रँडी जॉन्सन यांच्या वेगवान चेंडूच्या वाटेत एक होला आला आणि जागीच मेला. पंचांनी ती फेकच रद्द धरली. २६ मे १९९३ रोजी क्लीव्हलँड येथे कार्लोस मार्टिनेझ यांचा उंच फटका टेक्सास रेंजर्सच्या होसे कॅन्सेको यांच्या डोक्यावर आदळून भिंतीपलीकडे गेला आणि नियमाप्रमाणे होम रन ठरला. टेक्सासने तो सामना ६–७ असा, एकाच धावेने गमावला.