थ्री-क्वार्टर म्हणजे पाऊण नव्हे : डबल बासच्या तारेचं गणित

माझा भाचा सहा फुटी. नवा नवा डबल बास, म्हणजे व्हायोलिनसारखं दिसणारं पण माणसाहून उंच, खर्जाचं वाद्य शिकतोय. तारा बदलायची वेळ आली तेव्हा ‘थ्री-क्वार्टर’ हे माप मुलांचं असणार, असं समजून त्यानं ‘फोर-फोर’ म्हणजे पूर्ण मापाचा संच मागवला. बसवताना सगळ्यात खालच्या सुराची, ई ची तार खुंटीवर वळेना. तारेच्या टोकाला रंगीत रेशमी धागा गुंडाळलेला असतो. तिथं तार बारीक आणि मऊ असते, म्हणून तो भाग खुंटीवर नीट बसतो. इथं धाग्याऐवजी जाड धातूचा भागच खुंटीवर आला, मुडपला आणि तारेवर गुंडाळलेली धातूची पट्टी उकलली. महागाची तार वाया गेली.

घोळ नावातला आहे. जगभर मोठी माणसं वाजवतात ते बहुतेक डबल बास थ्री-क्वार्टरच असतात, मोठ्या वाद्यवृंदांतलेसुद्धा. त्यांच्या तारेची कंप पावणारी लांबी साधारण १०४ ते १०६ सेंटिमीटर असते, फोर-फोरची ११० च्या आसपास. म्हणजे फरक पाव हिश्शाचा नाहीच, जेमतेम पाच सेंटिमीटरचा. त्यातही प्रत्येक कारागिराचं माप थोडं वेगळं. म्हणून लेबल बाजूला ठेवायचं, शिंप्याची टेप घ्यायची आणि मानेच्या टोकाच्या पट्टीपासून घोडीपर्यंत तार मोजायची.

पाच सेंटिमीटरनं काय बिघडतं? फ्रान्समधले गणिती मेर्सेन यांनी १६३६ मध्ये तारेचे नियम छापले. त्यांतून निघतं ते असं: सूर तोच ठेवला तर ताण लांबीच्या वर्गाच्या पटीत बदलतो. ११० सेंटिमीटरवर ३० किलोचा ताण घेणारी तार १०५ वर त्याच सुरात लावली, तर ताण २७ किलोंवर येतो. बोटाखाली ती सैल लागते. सुराचंही तसंच. एकल वादनासाठी चारही तारा एक पूर्ण स्वर (सा ते शुद्ध रे एवढ्या) वर चढवतात. नेहमीच्याच तारा तशा चढवल्या तर ताण २६ टक्क्यांनी वाढतो, म्हणून त्यासाठी हलक्या तारांचा वेगळा संच मिळतो.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. ई ची तार सेकंदाला फक्त ४१ वेळा हलते. १०५ सेंटिमीटर लांबीवर ३० किलो ताणानं एवढा खालचा सूर हवा असेल, तर तारेच्या दर मीटरला सुमारे ४० ग्रॅम वजन लागतं. नुसत्या आतड्याच्या तातेत ते बसवायचं तर जाडी सहा मिलिमीटरच्या वर जाते, आणि भरीव पोलादात अडीच मिलिमीटर. अडीच मिलिमीटरची पोलादी सळई वाकवून पाहा. जाडी दुप्पट झाली की वाकायला होणारा विरोध सोळापट होतो. ताठ तारेचे वरचे उपस्वर, म्हणजे मूळ सुराबरोबर उमटणारे वरचे सूर, दुप्पट, तिप्पट, चौपट अशा नेमक्या जागी न पडता थोडे वर सरकतात. जितका वरचा उपस्वर, तितका जास्त सरकतो. बोटानं छेडल्यावर आवाज बेसूर, घंटेसारखा येतो. गज चालू असताना तो सगळ्या उपस्वरांना एका लयीत बांधून ठेवतो, पण ताठ तार गजाला उशिरा दाद देते.

तोडगा फार सुंदर आहे: आत बारीक, लवचीक गाभा आणि त्यावर धातूची पट्टी गुंडाळायची. ताण गाभा घेतो, वजन गुंडाळी देते, आणि वेढे एकमेकांवर सरकत असल्यानं तार वाकू शकते. आपल्या पुरुषी तंबोऱ्याची खर्जाची तार पितळेची असते, तिथंही हाच विचार दिसतो. पितळ पोलादापेक्षा जरा जड आणि वाकायला निम्मं ताठ.

म्हणून ‘जितकी जाड तार, तितका दमदार आवाज’ हे छातीठोकपणे सांगणाऱ्यांचं मला पटत नाही. तार जाड म्हणजे त्याच सुराला ताण जास्त, घोडीवर दाब जास्त, आणि वरची लाकडी फळी मोकळी हलायची थांबते. कित्येक बास हलक्या तारा लावल्यावरच मोकळे बोलतात.

भाच्याचं वाद्य मोजलं तर १०५ सेंटिमीटर भरलं. थ्री-क्वार्टरचा मध्यम ताणाचा संच आणला. रेशमी धागा मानेच्या टोकाच्या पट्टीच्या वर, जिथं हवा तिथंच सुरू झाला. त्यानं ई छेडली, आणि टेबलावरच्या पेल्यातलं पाणी थरथरलं.