मेंगा डोल्मेन : दिशासाधन व भूदृश्य

स्पेनच्या आंदालुसिया प्रांतातील आंतेकेरा शहरालगतचे नवाश्मयुगीन महाश्म (प्रचंड शिळांनी बांधलेले) थडगे. बांधणीचा काळ सर्वसाधारणपणे इ. स. पू. ३८०० ते ३६०० असा मानला जातो. सुमारे २७ मी. लांबीचे हे दालन उभ्या शिळांच्या भिंती, मध्यावरील तीन खांब आणि पाच छतशिळा यांनी सिद्ध झाले असून, त्यांपैकी सर्वांत मोठ्या छतशिळेचे वजन अलीकडील अंदाजानुसार १५० टनांच्या आसपास भरते. वर मातीदगडांचा टेकाडासारखा ढीग रचलेला आहे. शेजारचे व्हिएरा, काही अंतरावरचे एल रोमेराल ही थडगी आणि ला पेन्या दे लोस एनामोरादोस व एल तोर्काल हे दोन पर्वत यांसह मेंगाचा २०१६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

मेंगाविषयीची खरी चर्चा त्याच्या दिशेभोवती फिरते. केंब्रिजचे खगोलेतिहासकार मायकेल हॉस्किन यांनी पश्चिम भूमध्य प्रदेशातील महाश्म थडग्यांच्या दिशा प्रत्यक्ष मोजल्या. पोर्तुगालच्या आलेंतेझू भागातील व लगतच्या प्रदेशातील एका विशिष्ट धाटणीची १७७ थडगी अपवाद न करता, वर्षभरात सूर्य क्षितिजावर जेथे उगवतो त्या पट्ट्याकडे तोंड करून असल्याचे त्यांना आढळले, आणि व्हिएराही (दिगंश, म्हणजे उत्तरेपासून पूर्वेकडे मोजलेला कोन, सुमारे ९६°) संपातदिनाच्या (दिवस-रात्र समान असण्याच्या दिवसाच्या) सूर्योदयाच्या जवळपास असल्याने त्याच परंपरेत बसते. मेंगाचा दिगंश मात्र सुमारे ४५° आहे. आंतेकेराच्या अक्षांशावर (सुमारे ३७° उ.) सपाट क्षितिज गृहीत धरल्यास दक्षिणायनारंभीचा (२१ जूनच्या सुमाराचा) सूर्य आज ६०° दिगंशाजवळ उगवतो. नवाश्मयुगात क्रांतिवृत्ताची तिरकसता (पृथ्वीच्या अक्षाचा कल) अर्ध्या अंशाहून थोडी अधिक असल्याने हा बिंदू फार तर एका अंशाने उत्तरेकडे सरकतो. चंद्राची उत्तरेकडील कमाल मर्यादाही ५२° च्या आसपास थांबते. क्षितिजावर डोंगर असला, तर दृश्य उदयबिंदू उलट दक्षिणेकडेच ढळतो. म्हणजे मेंगाच्या अक्षावर (दालनाच्या लांबीच्या मध्यरेषेवर) सूर्य वा चंद्र कधीच उगवत नाही. एखादा तारा सुचवता येईल, परंतु सोयीचा तारा कोणत्याही दिगंशासाठी सापडत असल्याने या युक्तिवादाला फारसे वजन देता येत नाही.

म्हणून अक्ष ला पेन्या दे लोस एनामोरादोसकडे (पुढे नुसते पेन्या) वळवला आहे, हे हॉस्किन यांचे मत आता बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे. मैदानातून एकाकी उठलेला, सुमारे ८८० मी. उंचीचा हा चुनखडकाचा डोंगर दूरून आकाशाकडे तोंड करून निजलेल्या माणसाच्या चेहऱ्यासारखा दिसतो. (उडी घेऊन मेलेल्या प्रेमिकांची जी कथा डोंगराच्या नावामागे सांगितली जाते ती मध्ययुगीन पार्श्वभूमीची असून येथे गैरलागू आहे.) अक्षरेषा शिखरावर न जाता उत्तरेकडील उभ्या कड्यावर पडते, आणि त्याच बाजूला माताकाब्रास नावाच्या शैलाश्रयात रेखाकृती शैलचित्रे आहेत. डोंगर थडग्याच्या आधीपासून पवित्र मानला जात असावा, असा तर्क यावरून केला जातो व तो ग्राह्य वाटतो.

तरीही सूर्याला यातून पूर्णपणे वगळता येत नाही. दक्षिणायनारंभाच्या सुमारास सकाळचे ऊन दारातून तिरपे आत येते आणि दालनाच्या एका बाजूवर पडून उजेड व सावलीचा ठळक भेद निर्माण करते. हा परिणाम बांधणाऱ्यांनी योजलेला होता, असे काही अभ्यासक म्हणतात; परंतु ईशान्येकडे तोंड असलेल्या कोणत्याही रुंद दालनात तो थोडाफार घडणारच.

एल रोमेराल हे नंतरच्या, ताम्रपाषाण काळातील मानले जाणारे थडगे एल तोर्कालच्या दिशेने (सुमारे १९९°) पाहते. सूर्योदयाकडे पाठ फिरवणारी अशी थडगी आयबेरियात विरळाच आहेत. विदर्भातील जुनापाणी येथील शिलावर्तुळांशी या साऱ्याची तुलना करण्याचा मोह होतो, पण ती लोहयुगीन, बरीच अलीकडची आणि बांधणीने वेगळी आहेत.

मेंगातील मूळ दफनांविषयीचा पुरावा तुटपुंजा आहे. १८४७ मध्ये राफाएल मित्खाना यांनी प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतात या वास्तूला ड्रुइडांचे (प्राचीन केल्टिक पुरोहितांचे) मंदिर म्हटले होते. पेन्याच्या पायथ्याशी २०२० मध्ये उत्खनन झालेले पिएद्रास ब्लांकास हे महाश्म थडगे मेंगाच्या उलट दक्षिणायनारंभीच्या सूर्योदयाकडे वळवलेले असल्याचे उत्खननकर्त्यांनी नोंदवले आहे.