बिनपंख्याच्या फायरवॉलला डिस्क कोणती?

पंखा नसलेल्या छोट्या संगणकावर ओपीएनसेन्स किंवा पीएफसेन्स ही फायरवॉलची प्रणाली टाकून घरच्या नेटवर्कची राखण करणारी फायरवॉल उभी करताना प्रोसेसर आणि नेटवर्क पोर्ट यांचा पुष्कळ खल होतो. डिस्क म्हणून मात्र ड्रॉवरमधला जुना पेन ड्राइव्ह खोचला जातो. काही महिने तो चालतोही. मग एकदा वीज जाऊन येते आणि फायरवॉल सुरूच होत नाही.

दोष फ्लॅश मेमरीच्या घडणीत आहे. तिच्यात लिहायचं ते काही किलोबाइटच्या पानांत, पण पुसायचं तर शेकडो पानांचा अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. त्यामुळे लॉगमध्ये एक ओळ वाढली तरी आत त्याच्या कित्येक पट लिखाण होतं. आणि प्रत्येक पेशी मोजक्याच वेळा पुसता येते. पेशीत एकच बिट ठेवणारी एसएलसी साधारण १ लाख वेळा, तर तीन बिट ठेवणारी टीएलसी १,००० ते ३,००० वेळा. आता १६ जीबीची टीएलसी घ्या. १,००० वेळांच्या हिशेबाने एकूण १६ टीबी लिखाण. आतलं लिखाण चौपट धरलं तर आपल्या वाट्याला ४ टीबी उरतात. रोज १० जीबी लिहिले गेले तर ४०० दिवसांत खेळ आटोपला.

बोर्डावर सोल्डर केलेल्या ईएमएमसी या फ्लॅश चिपलाही हाच हिशेब लागू आहे, शिवाय ती बदलता येत नाही. पेन ड्राइव्हचा कंट्रोलर, म्हणजे कुठे लिहायचं ते ठरवणारी चिप, तर झीज सगळीकडे सारखी वाटण्यात कच्चा असतो आणि मरण्याआधी सहसा काही कळवतही नाही.

म्हणून १२८ जीबीची, नावाजलेल्या कंपनीची, साटा जोडणीची एसएसडी घ्यावी. एनव्हीएमई या जास्त वेगवान जोडणीच्या एसएसडीचा वेग इथे वाया जातो, कारण पॅकेटची तपासणी रॅममध्ये होते. बंद डब्यात तिची उष्णता मात्र वाढते. खरेदीआधी बोर्डाची माहितीपत्रिका नक्की वाचा. एम.२ या पट्टीसारख्या आकारातली, दोन खाचांची साटा एसएसडी फक्त एनव्हीएमई चालवणाऱ्या स्लॉटमध्ये नीट बसते, स्क्रूही लागतो, पण बायॉसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, डिस्क दिसतच नाही!

इन्स्टॉल करताना झेडएफएस ही फाइल प्रणाली निवडा, डिस्क एकच असली तरी. झेडएफएस जुन्या मजकुरावर न लिहिता नव्या जागी लिहिते, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी आधीची प्रत शाबूत राहते. जवळपास २० टक्के जागा विभाजन न करता मोकळी सोडली, तर झीज वाटायला कंट्रोलरला वाव मिळतो.

नुसते फायरवॉलचे नियम डिस्कवर फारसं काही लिहीत नाहीत. लिहितात ते लॉग, आलेख, घुसखोरी हेरणाऱ्या सुरिकाटाच्या नोंदी आणि सगळ्यांत जास्त रहदारीचा हिशेब ठेवणारं एनटॉपएनजी. पीएफसेन्समध्ये सिस्टिम, ॲडव्हान्स्ड, मिसेलेनिअस इथे जाऊन टीएमपी आणि व्हार हे तात्पुरत्या फाइली आणि लॉग यांचे फोल्डर रॅमवर नेता येतात. पण मग वीज गेली की ताजे लॉगही गेले. बिघाड शोधताना नेमके तेच लागतात. चांगली एसएसडी असेल तर हा उपाय नको.

दर तीन महिन्यांनी स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्कने ठेवलेली स्वतःच्या तब्येतीची नोंद, पाहा. एनव्हीएमईत ‘पर्सेंटेज यूज्ड’ हा झिजेचा आकडा थेट मिळतो. साटात झिजेच्या रकान्याचं नाव कंपनीगणिक बदलतं.

ड्रॉवरमधला पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून, कॉन्फ नावाच्या फोल्डरात सेटिंग्जची एक्सएमएल फाइल ठेवून राखून ठेवा. डिस्क गेलीच तर ओपीएनसेन्सचा इन्स्टॉलर सुरू होताना ती फाइल आयात करतो आणि नव्या डिस्कवर जुनेच नियम उतरतात.